१५ ऑक्टोबरचा गोवा: जुन्या हवामान नोंदी, उजेडाच्या वेळा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-कोजागिरीच्या दिवसांत कार्यक्रम ठरवणारे, भातकापणीची वेळ पाहणारे, किनाऱ्यावर फोटो काढायला येणारे, सगळ्यांच्या मनात दोनच प्रश्न असतात. त्या दिवशी पाऊस असेल का? आणि उजेड किती वाजेपर्यंत असेल? दुसऱ्याचं उत्तर मिनिटाच्या अचूकतेने देता येतं. पहिल्याचं तसं देता येत नाही, पण नोंदी नीट वाचल्या तर बरंच काही सांगता येतं. इथे १५ ऑक्टोबर ही एकच तारीख धरून दोन्हींची उत्तरं दिली आहेत.

हीच तारीख का निवडली?

कारण ती ऋतूंच्या उंबरठ्यावर आहे. भारतीय हवामान विभागाच्या वेळापत्रकानुसार नैऋत्य मोसमी पाऊस संपूर्ण देशातून माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख १५ ऑक्टोबर आहे. गोव्यातून तो साधारण त्याच सुमारास, महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. म्हणजे या एका तारखेला एखाद्या वर्षी पावसाळ्याचा शेवटचा दिवस असतो, तर एखाद्या वर्षी कोरड्या हवेचा पहिला. १५ जुलैला गोव्यात काय असेल ते सांगायला जुन्या नोंदी लागत नाहीत, इथे लागतात.

त्या दिवशी सूर्य किती वाजता उगवतो आणि मावळतो?

पणजीत सूर्योदय सकाळी ६ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास, सूर्यास्त संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटांच्या सुमारास. दिवस साधारण ११ तास ४८ मिनिटांचा.

सूर्य बुडाला की लगेच काळोख होत नाही. दिवे न लावता बाहेरची कामं करता येतील इतका संधिप्रकाश आणखी वीस-बावीस मिनिटं टिकतो, म्हणजे ६.३५पर्यंत. आकाश पूर्ण काळं होऊन फिकट ताऱ्यांसाठी मोकळं व्हायला मात्र साडेसात वाजत येतात. सकाळीही तसंच: सहा वाजून गेले की अंगण दिसू लागतं.

आकाश ढगाळ असेल तर हे हिशेब कागदावरच राहतात. पश्चिमेला ढगांची भिंत उभी असेल तर सहा वाजताच दिवेलागण करावी लागते. संध्याकाळचा कार्यक्रम उघड्यावर ठेवणाऱ्यांनी हातात पंधरा मिनिटं राखून ठेवावीत.

पन्नास वर्षांपूर्वीही हीच वेळ होती का?

हो. घड्याळ तेच, भारतीय प्रमाणवेळेचं, धरलं तर १९७५ आणि २०२५ या दोन वर्षांच्या १५ ऑक्टोबरमध्ये सूर्योदयाचा फरक मिनिटाभराचाही नाही. लीप वर्षामुळे तारीख थोडी मागेपुढे सरकते, तितकाच काय तो काही सेकंदांचा बदल. म्हणून उजेडाची ‘जुनी नोंद’ शोधत बसायची गरज नाही. ती गणिताने काढता येते, मागच्या शतकाची आणि पुढच्याही. हवामानाचं नेमकं उलट आहे. तिथे मोजून लिहून ठेवलं नसेल तर तो दिवस कायमचा हरवला.

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर का नसतो?

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. पणजी आहे ७३.८ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, त्यामुळे गोव्याचा सूर्य घड्याळाच्या मागे सुमारे ३५ मिनिटं चालतो. या हिशेबाने माध्यान्ह १२.३५ला यायला हवी.

पण १५ ऑक्टोबरला ती १२.२०लाच येते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. या दोन गोष्टींमुळे खरा सूर्य वर्षभरात कधी घड्याळाच्या पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो सुमारे १४ मिनिटं पुढे असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेसोळा मिनिटांच्या जवळ पोचतो.

याचा परिणाम किती मोठा आहे ते पाहायचं तर २६ फेब्रुवारी शेजारी ठेवा. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ तितकाच असतो आणि दिवसही तितकाच, ११ तास ४८ मिनिटांचा. पण सूर्योदय होतो ६.५३च्या सुमारास आणि सूर्यास्त ६.४२ला. तीच लांबी, पण अख्खा दिवस जवळजवळ अर्धा तास उशिरा. ऑक्टोबरात ‘एवढ्यात काळोख कसा पडला’ असं वाटतं आणि फेब्रुवारीत तसं वाटत नाही, त्याचं कारण हे आहे. दिवस आखडण्याचा त्यात वाटा लहान आहे.

हे स्वतः पाहायचं असेल तर अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. १२.२०च्या सुमारास तिची सावली सर्वांत आखूड होते, साधारण ४४ सेंटीमीटर, आणि त्या क्षणी ती नेमकी उत्तरेकडे पडते. होकायंत्राशिवाय खरी उत्तर दिशा काढायची याहून सोपी रीत नाही.

काणकोण, मोले, पेडणे इथल्या वेळा वेगळ्या असतात का?

गणिताने फारशा नाहीत. मोलेला सूर्य पणजीच्या दीड-दोन मिनिटं आधी उगवतो. पेडणे आणि काणकोण यांच्यात अक्षांशामुळे पडणारा फरक अर्ध्या मिनिटाचा.

प्रत्यक्षात मात्र सत्तरी आणि सांगेच्या डोंगराळ भागात सह्याद्री पूर्वेला आडवा येतो. पंचांगात सूर्य उगवलेला असतो, पण दरीतल्या घराच्या अंगणात ऊन यायला बराच उशीर होतो. उलट पश्चिमेला हरमल, बागा किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर क्षितिज मोकळं असतं, त्यामुळे सूर्यास्ताची छापील वेळ तिथे डोळ्यांनी पडताळता येते. त्या दिवशी सूर्य नेमक्या पश्चिमेला नाही, तर सुमारे नऊ अंश दक्षिणेला सरकून बुडतो. डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत हाच कोन चोवीस अंशांच्या पुढे जातो. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी जागा निवडताना हे लक्षात ठेवावं.

जाता जाता एक तुलना: नागपुरात त्याच दिवशी सूर्य सहाला दहा मिनिटं कमी असतानाच मावळतो. तिकडून येणाऱ्या पाहुण्यांना गोव्याची संध्याकाळ लांबलेली वाटते ती उगाच नाही.

दिवस-रात्र समान २३ सप्टेंबरलाच होतात ना?

पुस्तकात तसं असलं तरी गोव्यात दिवस बरोबर बारा तासांचा होतो तो १ ऑक्टोबरच्या आसपास. वातावरणात प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. शिवाय सूर्योदय मोजतात तो सूर्यबिंबाची वरची कड दिसल्यावर. या दोन्हींमुळे दिवसाला सात-आठ मिनिटं जास्त मिळतात. ऑक्टोबरात दिवस रोज ५०-५२ सेकंदांनी लहान होत जातो आणि डिसेंबरात ११ तास १२ मिनिटांवर येऊन थांबतो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त मात्र डिसेंबरात नव्हे, तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतो, सहाच्या ठोक्याला.

तापमान किती असतं?

पणजीत दुपारी ३१-३२ अंश सेल्सियस, पहाटे २३-२४. पाऊस लागून राहिला तर दुपार २८-२९च्या वर जात नाही. लख्ख ऊन पडलं आणि वारा पडला तर पारा ३४कडेही जातो.

आकडा साधा दिसतो, पण अंगाला लागणारा उकाडा त्याहून जास्त असतो. जमीन अजून ओली, हवेत दमटपणा भरपूर, आणि पावसाळ्याचा पश्चिमेचा जोरकस वारा थांबलेला. घाम वाळत नाही. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. बाहेरून येणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते: गोव्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरची दुपारही मे महिन्याच्या दुपारइतकीच, बत्तीस-तेहतीस अंशांची असते. थंडी असते ती रात्रीत आणि कोरड्या हवेत. १५ ऑक्टोबरला यांतलं काहीच आलेलं नसतं.

मग पाऊस पडतो की नाही?

याचं एका ओळीत दिलेलं कोणतंही उत्तर फसवं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ऑक्टोबरात पणजीत सरासरी शे-दीडशे मिलिमीटर पाऊस होतो. जुलैत तो नऊशेच्या आसपास असतो. शे-दीडशेला ३१ने भागलं की रोजचे तीन ते पाच मिलिमीटर निघतात आणि अनेक ठिकाणी ‘१५ ऑक्टोबरचा सरासरी पाऊस’ म्हणून हाच आकडा छापलेला दिसतो. पण तीन ते पाच मिलिमीटरचा असा मध्यम दिवस ऑक्टोबरात क्वचितच येतो. बहुतेक वर्षी त्या तारखेला शून्य किंवा नगण्य पाऊस असतो. मग एखाद्या वर्षी संध्याकाळी दीड तासात पन्नास-साठ मिलिमीटर कोसळतो आणि सगळ्या वर्षांची सरासरी वर ओढतो.

म्हणून सरासरी विचारू नका. किती वर्षांत पाऊस पडला ते विचारा. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस म्हणतो. तीस वर्षांच्या नोंदी घेऊन त्यात १५ ऑक्टोबरला असे किती दिवस आले ते मोजता येतं. पण तीस हा आकडा लहान आहे. एखाद्या वादळाने तो सहज हलतो. त्यापेक्षा ११ ते १९ ऑक्टोबर हे नऊ दिवस धरा, म्हणजे तीस वर्षांत २७० दिवस हाती येतात आणि त्यांतून निघणारं प्रमाण भरवशाचं असतं. निसर्गाला १४ आणि १६ तारखेतला फरक कळत नाही.

नोंदीत १५ ऑक्टोबरला लिहिलेला पाऊस नेमका कधी पडलेला असतो?

इथे भलेभले गोंधळतात. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि ते मोजण्याच्या दिवसाच्या नावावर टाकतात. म्हणजे १५ तारखेचा पाऊस म्हणजे १४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १५च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. ऑक्टोबरातला पाऊस बहुतेक संध्याकाळी पडतो. म्हणून १५ तारखेच्या संध्याकाळी तुम्ही चिंब भिजला असाल, तर तो पाऊस सरकारी नोंदीत १६ तारखेला सापडेल.

जुनी आठवण आणि नोंद जुळत नाही म्हणून नोंदीला खोटं ठरवण्याआधी पुढची ओळ पाहावी.

अलीकडच्या वर्षांत काय घडलं?

संपूर्ण देशातून मान्सून परतल्याचं हवामान विभागाने जाहीर केलं त्या तारखा बोलक्या आहेत: २०२० साली २८ ऑक्टोबर, २०२१ साली २५, २०२२ साली २३, २०२३ साली १९ आणि २०२४ साली नेमकी १५ ऑक्टोबर. या देशाच्या तारखा आहेत, गोव्यातली माघार याच्या थोडी आधी होते. तरी सर्वसाधारण तारीख किती लवचीक आहे हे त्यांवरून कळतं.

२०२० सालचा ऑक्टोबर या तारखेसाठी विशेष लक्षात ठेवण्याजोगा. बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा तीव्र पट्टा १३ ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आला, हैदराबादला झोडपून काढत तेलंगणातून महाराष्ट्रात शिरला आणि १६च्या सुमारास अरबी समुद्रात उतरला. १४ आणि १५ तारखेला कोकण-गोव्याला मुसळधार पावसाचा इशारा होता. पूर्व किनाऱ्यावर उठलेलं संकट दोन दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर पोचू शकतं, म्हणून या दिवसांत गोव्यातल्या माणसानेही बंगालच्या उपसागराची बातमी वाचावी.

आदल्या वर्षी, २०१९ साली, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ‘क्यार’ चक्रीवादळ गोवा-कोकणच्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात तयार झालं. ते जमिनीवर आलं नाही, तरी दिवाळीच्या तोंडावर इथे जोरदार पाऊस आणि उधाण झालं. पुढे समुद्रात ते महाचक्रीवादळ बनलं. २००७च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातलं ते पहिलंच. कापणी अर्धी झालेली असताना आलेल्या अशा पावसाने काय होतं, ते आडव्या पडलेल्या आणि जागीच कोंब फुटलेल्या भाताची शेतं ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको.

वेगवेगळ्या वेबसाइट त्याच दिवसाचे वेगवेगळे आकडे का दाखवतात?

काही आकडे विमानतळावरच्या नोंदींचे असतात, काही आल्तिनोवरच्या वेधशाळेचे, आणि बरेचसे कोणी मोजलेलेच नसतात. संगणकीय प्रारूपात उपग्रह, जहाजं, वेधशाळा यांची माहिती घालून जगभराच्या चौकटींसाठी काढलेले ते अंदाज असतात. त्यांतला सर्वांत वापरला जाणारा ‘ईआरए५’ हा युरोपीय संच १९४०पासूनची माहिती देतो, पण त्याची एक चौकट साधारण ३० किलोमीटरची. गोव्याची पूर्व-पश्चिम रुंदी साठेक किलोमीटर. म्हणजे किनाऱ्यावरच्या चौकटीत अर्धा समुद्र आणि घाटाकडच्या चौकटीत अर्धा बेळगावकडचा प्रदेश. समुद्राचं पाणी दिवसरात्र सारखंच ऊबदार, म्हणून अशा आकड्यांत दुपार प्रत्यक्षापेक्षा थंड आणि पहाट गरम दिसते. तास-दीड तासाचा स्थानिक पाऊस तर इतक्या मोठ्या चौकटीत पसरून पातळ होतो.

तापमानाचा सर्वसाधारण अंदाज घ्यायला ते ठीक आहेत. एखाद्या दिवशी तुमच्या गावात पाऊस पडला होता का, हे त्यांवरून ठरवू नये.

पणजीचा आकडा वाळपईला लागू होतो का?

तापमानाचा अंदाजे, पावसाचा नाही. वाळपई आणि सांगे ही पावसाची ठाणी घाटाच्या पायथ्याशी आहेत आणि तिथे वर्षाचा पाऊस किनाऱ्यापेक्षा बराच जास्त. ऑक्टोबरात हा फरक आणखी चमत्कारिक होतो, कारण ढग एकेकटे उभे राहतात. साखळीत रस्त्यावरून पाणी वाहतं आणि म्हापशात धूळ उडते.

हा पाऊस संध्याकाळीच, विजांसह का येतो?

सकाळच्या उन्हाने ओली जमीन तापते. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे दमट हवा आत ढकलतात, ती सह्याद्रीच्या उतारावर चढते आणि तीन-चारच्या सुमारास घाटावर काळे ढग उभे राहतात. पावसाळ्यात वरच्या थरांतला वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळे ढग घाटापलीकडे जातात. ऑक्टोबरात वरचा वारा पूर्वेकडून वाहू लागतो आणि घाटावर तयार झालेलं वादळ उतरून किनाऱ्याकडे येतं. म्हणून या दिवसांत पाऊस समुद्राकडून येत नाही, डोंगराकडून येतो.

विजेची भीती खरी आहे. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर आहे. गडगडाट ऐकू येतो तोवर शेतात, मैदानात, झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेलं ‘दामिनी’ हे अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं. कापणीच्या दिवसांत ते फोनवर असावंच.

पंचांगातली पावसाची नक्षत्रं काय सांगतात?

१० किंवा ११ ऑक्टोबरला सूर्य चित्रा नक्षत्रात येतो आणि २४च्या सुमाराला स्वातीत. म्हणजे आपली तारीख चित्रा नक्षत्रात पडते, हस्ताच्या गडगडाटी पावसानंतर. या नक्षत्रांच्या तारखा सूर्यावर बसवलेल्या असल्याने दरवर्षी जवळजवळ त्याच राहतात. हवामानाशी ताडून पाहायला त्या तिथींपेक्षा कितीतरी उपयोगी आहेत.

तिथी मात्र तारखेवरून सरकत राहतात. २०१६ साली १५ ऑक्टोबरला कोजागिरी होती, २०२१ साली दसरा, २०२३ साली घटस्थापना. त्यामुळे ‘दसऱ्याला नेहमी पाऊस पडायचा’ ही आठवण नोंदीशी ताडताना आधी त्या वर्षीची इंग्रजी तारीख काढावी लागते. रात्रीच्या उजेडाचंही तसंच: २०१६ला त्या रात्री पूर्ण चंद्र होता, २०२३ला अमावास्येनंतरची कोर.

नोंदी किती मागे जातात?

हवामान विभागाची स्थापना १८७५ची, पण गोवा त्याच्या कक्षेत आला तो १९६१च्या मुक्तीनंतर. भारतभरच्या दैनंदिन पावसाचा चौकटीवार संच हवामान विभागाने १९०१पासून बांधला आहे. दीर्घकालीन सरासरीसाठी तीस वर्षांचा काळ धरतात, सध्या १९९१ ते २०२०. जुन्या सरासरीशी तुलना करताना काळ कोणता ते पाहावं, कारण १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आहे.

त्याच्या मागे जायचं तर कागदपत्रं उरतात. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कचा ताफा १५१० साली आदिलशाही फौजेपुढे शहर सोडून मांडवीत आला आणि पावसाळ्यामुळे समुद्रात बाहेर पडता येईना म्हणून ऑगस्टपर्यंत तिथेच अडकला. हीसुद्धा एक हवामान नोंदच. मात्र त्या काळच्या तारखा जुन्या कॅलेंडरच्या आहेत, त्यांत दहा दिवस मिळवल्याशिवाय आजच्या ऋतूशी जुळत नाहीत. योगायोग असा की नवं ग्रेगोरियन कॅलेंडर सुरू झालं तो दिवसही १५ ऑक्टोबरच, १५८२ सालचा. पोर्तुगालने ते पहिल्याच दिवशी स्वीकारलं आणि ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ उजाडली.

कापणी, मांडव किंवा उघड्यावरचा नाट्यप्रयोग ठरवायचा आहे. काय करावं?

महिनाभर आधी जुन्या नोंदी पाहा आणि पाऊस येऊ शकतो हे धरूनच खर्चाचा हिशेब करा. आठवडाभर आधी मान्सून माघारीची रेषा कुठे पोचली आणि दोन्ही समुद्रांत कमी दाबाचं क्षेत्र आहे का ते पाहा. दोन दिवस आधी जुन्या नोंदी बाजूला ठेवा, आता हवामान विभागाचा जिल्हावार इशारा महत्त्वाचा. पिवळा असेल तर सावध, नारिंगी असेल तर पर्यायी जागा तयार. त्या दिवशी दुपारी तीनला पूर्वेकडे, घाटाकडे नजर टाका आणि रडारचं चित्र उघडा.

भाताचं सांगायचं तर कापलेलं भात संध्याकाळपर्यंत शेतात पडू देऊ नका. सकाळी दव सुकल्यावर कापून दुपारी तीनच्या आत आडोशाला आणलं तर ऑक्टोबरचा पाऊस फारसं बिघडवू शकत नाही. यंत्राने कापणी करणाऱ्यांनी यंत्राची पाळी शक्यतो सकाळचीच मागावी.

घरी नोंद ठेवायची असेल तर?

साधं पर्जन्यमापक उघड्या जागी, झाडं आणि भिंतींपासून दूर, सपाट बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, म्हणजे सरकारी नोंदीशी तुलना करता येईल. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शून्य असेल त्या दिवशी शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. कोऱ्या जागेवरून पाऊस नव्हता की मोजणारा घरी नव्हता ते पुढे कोणालाच कळत नाही. तापमापक सावलीत, हवा खेळती राहील असा, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर ठेवा. पत्र्याच्या छपराखाली नको, भिंतीला चिकटूनही नको. तारखेसमोर गडगडाट झाला का, वारा कुठून होता, इतकं एका ओळीत टिपलं तर आणखी चांगलं. सत्तरी-सांगेच्या आतल्या गावांत ठाणी विरळ आहेत, तिथली अशी वही खरोखर कामाची ठरते.